बजेट अपो: काच चांगली असते, गडबड बसवण्यात होते

प्रश्न थोडक्यात असा आहे: १०० मिमीच्या आसपासची स्वस्तातली अपो, म्हणजे रंगाची झाक जवळजवळ न दाखवणारी भिंगाची दुर्बीण, घ्यायची आहे, जाहिरातीत एफपीएल-५३ ही रंग कमी फाकवणारी काच लिहिलीये, पण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो, एकाची मस्त निघाली तर दुसऱ्याची तीच दुर्बीण दोनदा परत गेली. तर क्वालिटी कंट्रोलची ही भीती खरी किती, घेण्याआधी काय विचारायचं, आणि हातात आलेली दुर्बीण चांगली आहे की नाही हे आपलं आपण कसं ओळखायचं?

भीती खरी आहे. गेली बरीच वर्षं मी स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या मिळून पुष्कळ रिफ्रॅक्टर (भिंगाच्या दुर्बिणी) ताऱ्यावर लावून तपासल्यात, काहींचे सेल (भिंगं धरून ठेवणारी धातूची चौकट) उघडून परत बसवलेत, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. स्वस्त अपोमध्ये पैसे काचेत वाचवलेले नसतात, ते वाचवलेले असतात भिंगं एकमेकांच्या रेषेत बसवण्यात आणि शेवटी प्रत्येक नग तपासून बघण्यात. त्यामुळे काचेचं नाव वाचून एवढंच कळतं की हे मॉडेल जास्तीत जास्त किती चांगलं असू शकतं, तुमच्या वाट्याला आलेला नग कसा आहे ते ताऱ्यावर लावल्याशिवाय कळत नाही.

काचेचं आधी उरकून टाकतो. काच रंग किती पसरवते याचा आकडा म्हणजे अ‍ॅबे नंबर, जितका मोठा तितका रंग कमी फाकतो. साध्या बीके-७ चा ६४, जपानच्या ओहारा कंपनीच्या एफपीएल-५१ चा ८१ च्या थोडा वर, एफपीएल-५३ चा ९५ च्या आसपास, आणि खऱ्या फ्लोराइटचाही तेवढाच. होया कंपनीची एफसीडी-१ ही ५१ च्या बरोबरीची आणि एफसीडी-१०० ही ५३ च्या बरोबरीची, सीडीजीएम या चिनी कंपनीची एच-एफके-६१ पण ५१ च्याच रांगेतली. पण ईडी भिंग, म्हणजे अशा कमी रंग फाकवणाऱ्या काचेचं भिंग, एकटं काही करत नाही, त्याच्या जोडीला कुठली काच लावलीये यावर निम्मा खेळ असतो आणि ती जोडीची काच बरेच विक्रेते सांगतच नाहीत, म्हणून एफपीएल-५१ ला चांगली जोडी आणि एफ/७ किंवा त्याहून निवांत एफ-रेशो (फोकल लेंग्थ भागिले भिंगाचा व्यास, आकडा मोठा तितका निवांत) असलेला डब्लेट, म्हणजे दोन भिंगांची अपो, घाईघाईत बसवलेल्या ५३ पेक्षा डोळ्याला जास्त समाधान देतो हे मी कितीतरी वेळा बघितलंय. आणि ‘अपो’ या शब्दावर तर फार विसंबूच नका. १८८६ मध्ये झाइसने मायक्रोस्कोपची अपोक्रोमॅट भिंगं बाजारात आणली तेव्हा अर्न्स्ट अ‍ॅबेने त्या शब्दाला नेमका अर्थ दिला होता, तीन रंग एका फोकसला आणि दोन रंगांत स्फेरिकल अ‍ॅबरेशन (मधले आणि कडेचे किरण वेगळ्या जागी फोकस होण्याचा दोष) दुरुस्त, पण आज दुर्बिणीच्या बाजारात ईडीचा एक तुकडा आत असला की नळीवर अपो छापतात, त्याला अडवणारा नियम नाही.

आता नगानगात फरक का पडतो ते बघा, कारण हे समजलं की पुढची तपासणी आपोआप समजते. ईडी काच नरम असते, पॉलिश करताना चटकन चरे पडतात, आणि ती साध्या काचेच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणजे पॉलिशिंगच्या घर्षणाने गरम झालेलं भिंग नीट थंड व्हायची वाट न बघता मोजलं तर माप चुकीचंच येणार. त्यात काचेच्या प्रत्येक वितळणीचा अपवर्तनांक अगदी बारीक दशांशात वेगळा येतो. महागडे मेकर त्या वितळणीचा डेटा घेऊन भिंगांच्या वक्रता किंवा मधली हवेची फट बदलून घेतात, शेवटी एखाद्या पृष्ठभागावर हाताने काम करून उरलेली चूक काढतात. स्वस्तात हे परवडत नाही, तिथे ठरलेल्या वक्रतेची भिंगं गठ्ठ्याने बनतात, गठ्ठ्यातून उचलून सेलमध्ये बसतात, मग एक कारागीर तारा दिसतोय ना गोल एवढं बघून पुढे ढकलतो. डब्लेटमध्ये चार पृष्ठभाग आणि दोन भिंगं, ट्रिप्लेटमध्ये सहा पृष्ठभाग आणि तीन भिंगं, आणि तिन्हींचे मध्य एका रेषेत आणायला सेलच्या कडेला बारीक स्क्रू असतात. ते स्क्रू लावणारा माणूस त्या दिवशी किती वेळ देऊ शकला यावर तुमचा नग कसा निघतो ते ठरतं. वर प्रवासात खोका आदळला तर तेच मध्य परत हलतात, त्यामुळे कारखान्यातून चांगली निघालेली ट्रिप्लेट पण दारात येईपर्यंत बिघडू शकते.

चूक किती बारीक असते याचा अंदाज हवा असेल तर हे बघा. नजरेला खटकू नये म्हणून तरंगात चालणारी चूक जुन्या हिशोबाने हिरव्या प्रकाशाच्या पाव तरंगाएवढी, म्हणजे साधारण ०.१४ मायक्रॉन. आणि १०० मिमीचं साध्या काचेचं भिंग अ‍ॅल्युमिनियमच्या सेलमध्ये असेल तर तापमान २५ अंशांनी उतरल्यावर सेल भिंगापेक्षा जवळपास ४० मायक्रॉन जास्त आक्रसतो. तेवढी जागा आधी ठेवलेली नसेल तर सेल भिंगाला आवळणार, आणि ४० मायक्रॉनचा आवळा ०.१४ मायक्रॉनच्या हिशोबाचं काय करत असेल ते तुम्हीच बघा.

ही आवळलेल्या भिंगाची तक्रार सगळ्यात जास्त येते म्हणून एक प्रसंग सांगतो. एका मित्राने १०२ मिमी एफ/७ चा डब्लेट आणला होता, नवाच. संध्याकाळी अंधार पडताना अभिजितवर लावला तर तारा गोल, त्याच्याभोवतीच्या प्रकाशाच्या रिंगा छान, आम्ही दोघं खूश. रात्री दहाच्या सुमाराला परत बघितलं तर पहिली रिंग तीन ठिकाणी तुटल्यासारखी, आणि एक वाजता थंडी चांगली पडल्यावर तारा सरळसरळ त्रिकोणी दिसायला लागला, फोकसच्या आत त्रिकोणाचं टोक वर तर बाहेर टोक खाली. दुर्बीण थंड व्हायला वेळ लागतो हे कारण नव्हतं, कारण वेळ जाईल तशी प्रतिमा सुधारायच्या ऐवजी बिघडत होती. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला कळवून, त्याची लेखी परवानगी घेऊन, नळी भिंग वर करून उभी धरली, ड्यू शील्ड (भिंगापुढची दव अडवणारी नळी) काढलं आणि पुढची रिटेनिंग रिंग (भिंग सेलमध्ये धरून ठेवणारी कडी) एक अष्टमांश फेरा सैल केली. रिंग सुटताना कट् असा आवाज झाला, इतकी घट्ट बसवली होती. त्या रात्री एक वाजता तारा गोल. भिंगात काहीही दोष नव्हता, कुणीतरी कारखान्यात रिंग हाताच्या जोराने आवळली होती एवढंच.

म्हणून सांगतो, स्टार टेस्ट, म्हणजे ताऱ्यावर लावून केलेली ही तपासणी, एका बैठकीत आटपू नका. पद्धत अशी ठेवा. दुर्बीण बाहेर ठेवून डब्लेटला निदान अर्धा तास आणि ट्रिप्लेटला तास द्या. दुसऱ्या प्रतीचा तारा घ्या, फार तेजस्वी तारा घेतला तर झगमगाटात दोष लपतात. तारा जितका डोक्यावर तितका चांगला, कारण क्षितिजाजवळचा तारा वातावरणामुळेच वर निळा आणि खाली लाल दिसतो आणि लोक ते भिंगाच्या नावावर टाकतात. ध्रुवतारा जागचा हलत नाही म्हणून मोटर नसलेल्यांना सोयीचा, प्रत पण बरोबर दुसरी, पण जिथे तो कमी उंचीवर दिसतो तिथे रंगाच्या तपासणीसाठी तो घेऊ नका. पॉवर ठेवा भिंगाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, १०० मिमीला २०० पट, म्हणजे ७०० मिमी फोकल लेंग्थवर ३.५ मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग). आणि शक्य असेल तर डायगोनल (नजर काटकोनात वळवणारा आरसा) काढून एक्स्टेन्शन ट्यूब लावून सरळ बघा, मान दुखते पण एक संशयित कमी होतो.

मग तारा नेमका फोकस करा आणि थोडा आत, थोडा बाहेर असा न्या. चार-पाच रिंगा दिसतील एवढंच डिफोकस हवं, एफ/७ ला फोकसर एक मिलिमीटरच्या आसपास सरकवला की तेवढ्या रिंगा येतात. बरेच जण भला मोठा गोळा करून बघतात आणि मग सगळंच ठीक वाटतं. शक्यतो हिरवा फिल्टर लावून आधी बघा, कारण निळ्यात थोडी जास्त आणि लालमध्ये थोडी कमी दुरुस्ती हे बहुतेक अपोंच्या डिझाइनमध्येच असतं, त्याला नगाचा दोष म्हणत नाहीत. आत आणि बाहेर दोन्हीकडे रिंगा सारख्या दिसल्या तर उत्तम. एका बाजूला कडक, धारदार रिंगा आणि दुसऱ्या बाजूला कापसासारखं पुसट दिसत असेल तर स्फेरिकल. फोकसच्या आत असताना कडेची रिंग ठळक आणि फोकसच्या बाहेर गेल्यावर मधोमध उजेड साचलेला, तर अंडरकरेक्शन, म्हणजे स्फेरिकलची दुरुस्ती कमी पडलेली. पण हे तासाभराने परत बघा, भिंगाचं तापमान स्थिर नसेल तर नेमकं असंच चित्र दिसतं आणि नंतर जातं. गोळा लांबट झाला आणि फोकसच्या पलीकडे गेल्यावर काटकोनात वळला तर अ‍ॅस्टिग, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम. रिंगा एका कडेला गोळा झाल्या आणि मधला ठिपका बाजूला सरकला तर कोमा, म्हणजे सेल तिरका किंवा भिंगांचे मध्य सरकलेले. आणि फोकसला ताऱ्याच्या एका कडेला लाल आणि बरोबर समोरच्या कडेला निळसर हिरवी झाक असेल, तीही तारा डोक्यावर असताना, तर एखादं भिंग बाजूला सरकलंय किंवा पाचरीसारखं एका बाजूला जाड घासलं गेलंय.

हवा खराब असेल त्या रात्री निकाल देऊ नका. तीन वेगवेगळ्या रात्री बघा.

आता यातला सगळ्यात कामाचा भाग, जो लोक गाळतात. दोष दिसला की लगेच भिंगावर आळ घ्यायचा नाही, आधी तो कुणाबरोबर फिरतो ते बघायचं. आयपीसला डोळा लावलेला असताना डोकं तिरकं करा, लांबटपणा डोक्याबरोबर फिरला तर अ‍ॅस्टिग तुमच्या डोळ्यात आहे. आयपीस त्याच जागी फिरवा, दोष फिरला तर आयपीसचा. डायगोनल फिरवा, त्याच्याबरोबर फिरला तर डायगोनलचा, आणि स्वस्त दुर्बिणीसोबत येणारे डायगोनल खरोखर खराब निघतात. यातलं काहीच नसेल तर रिंगांमध्ये नळी सैल करून ९० अंश फिरवा, आता दोष नळीबरोबर फिरला तरच भिंग किंवा फोकसरचं नाव घ्यायचं. आणि नळी फिरवूनही रंगाची झाक वर-खालीच राहिली तर ते वातावरण. मागे एक जण ट्रिप्लेट परत पाठवायला निघाला होता, खोका बांधून तयार, फोटोवर फोटो, मी म्हटलं एकदा डायगोनल काढून बघा, काढला आणि तारा ठिपक्यासारखा गोल. त्या डायगोनलचा आरसा चार स्क्रूंनी दाबून बसवलेला होता, ते स्क्रू थोडे सैल केल्यावर तो डायगोनल पण सुधारला.

फोकसरकडे मी नेहमी भिंगाइतकंच लक्ष देतो कारण बजेट अपोमध्ये भिंगाखालोखाल काटकसर तिथेच होते. ड्रॉट्यूब (फोकसरची आत-बाहेर सरकणारी नळी) पूर्ण बाहेर काढून हलक्या हाताने वर-खाली दाबा, हलतेय का बघा. लेझर कोलिमेटर (रेष सरळ आहे का बघायला लेझर टाकणारं साधन) असेल तर आधी तो त्याच्याच जागी फिरवून बघा, ठिपका गोल गोल फिरला तर लेझरच वाकडा आहे आणि त्याच्याने काही मोजू नका. लेझर सरळ असेल तर भिंगावर मध्याला बारीक भोक पाडलेली कागदाची गोल चकती ठेवा, ठिपका भोकातून गेला पाहिजे. त्यानंतर चेशायर आयपीस (भिंगं सरळ बसलीत का बघायचा खास आयपीस) लावा, भिंगाच्या पुढे झाकण ठेवा, भिंगाच्या पृष्ठभागांवरून आलेली प्रतिबिंबं एकावर एक बसलेली दिसली पाहिजेत, एखादं बाजूला डोकावत असेल तर सेल तिरका आहे. फोकसरचा तिरकेपणा बहुतेक वेळा नळीला जोडणाऱ्या तीन स्क्रूंच्या भोकांत थोडा खेळ असतो त्यात सुधारता येतो, त्यासाठी दुर्बीण परत करायची गरज नाही.

आणखी एक तपासणी आहे जी दोन मिनिटांत होते आणि फार कमी जण करतात. फोकसरमध्ये नेहमीचा आयपीस लावून दुर्बीण लांबच्या वस्तूवर फोकस करून ठेवा, मग अंधारात आयपीसच्या मागून टॉर्च मारा आणि भिंगातून बाहेर येणारा उजेडाचा गोल पुढे कागद धरून मोजा. १०२ लिहिलेल्या नळीतून ९६ मिमीचाच गोल बाहेर आला तर आतला बॅफल (भटका उजेड अडवणारी कडी) किंवा ड्रॉट्यूब कडेचे किरण कापतोय, आणि तुमचा सुमारे ११ टक्के उजेड त्यात गेला. हे स्टार टेस्टमध्ये कळत नाही, उलट कडेचा भाग कापला गेल्याने प्रतिमा थोडी बरीच दिसते.

ज्या गोष्टींवरून वाद घालू नये त्याही सांगतो. भिंगात तिरका टॉर्च मारून फोटो काढले की जगातलं कुठलंही भिंग भयंकर दिसतं. धूळ, कोटिंगवरचा बारीकसा डाग, काचेतला एखादा बुडबुडा, यांनी काही बिघडत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा बुडबुडा १०० मिमी भिंगाचा ४०,००० वा भाग झाकतो. भिंगांच्या मधल्या तीन फॉइलच्या टिकल्या कडेला किंचित आत आलेल्या असतात त्यांनी तेजस्वी ताऱ्याभोवती फोटोत बारीक खाचा दिसतात, दिसायला खटकतं पण डोळ्याने बघताना जाणवतही नाही. पण भिंगावर आतून धुक्यासारखा थर असेल किंवा बुरशीचे धागे असतील तर तो वेगळा मामला, तो नग ठेवून घेऊ नका.

कुठला दोष सुधारतो आणि कुठला सुधारत नाही हे माहीत असलं की विक्रेत्याशी बोलणं सोपं जातं. आवळलेली रिंग, तिरका सेल, सरकलेले मध्य, वाकडा फोकसर, खराब डायगोनल, हे सगळं सुधारतं. स्फेरिकल कधी कधी दोन भिंगांमधल्या फटीमुळे असतं, तेव्हा स्पेसर बदलून सुधारतं पण ते काम बेंचवर बसून करणाऱ्याचं आहे. भिंगाच्या पृष्ठभागातला अ‍ॅस्टिग, घासताना राहिलेल्या वलयांसारखे खाचखळगे, पाचरीसारखं भिंग, हे सुधारत नाही, तिथे बदलूनच मागायचं. कडेचे स्क्रू तुम्ही स्वतः फिरवू नका, कितीही इच्छा झाली तरी. त्यातला एक पाव फेरा फिरला तर रेषा परत आणायला रात्री जातात, आणि वरचं सील तुटलं की विक्रेता हात वर करतो. रिटेनिंग रिंग ही एकच गोष्ट अशी आहे की जपून आणि कळवून सैल करता येते, तीही नळी उभी ठेवूनच, आणि आधी रिंग आणि सेल यांच्यावर पेन्सिलची एक आडवी रेघ मारून, म्हणजे किती फिरवली ते कळतं.

माझ्या स्वतःच्या एका ट्रिप्लेटला लाल-हिरव्या कडेचा त्रास होता. विक्रेत्याचं पहिलं उत्तर आलं की हे स्पेसिफिकेशनमध्ये बसतं. मी वाद घातला नाही. मी ब्रह्महृदय डोक्यावर असताना कॅमेऱ्याने नेमक्या फोकसचा, आतल्या पाच रिंगांचा आणि बाहेरच्या पाच रिंगांचा असे तीन कच्चे फोटो घेतले, मग नळी ९० अंश फिरवून परत तेच तीन घेतले, लाल कड नळीबरोबर फिरलेली स्पष्ट दिसत होती. सहा फोटो आणि चार ओळी पाठवल्या. आठ दिवसांत भिंगासकट सेल बदलून आला आणि तो उत्तम निघाला, आजही माझ्याकडे आहे. त्यामुळे तक्रार करताना ‘प्रतिमा शार्प नाही’ असं लिहू नका, त्याला उत्तर देणं कुणालाही सोपं असतं. काय दिसतं, कशाबरोबर फिरतं, तारा किती उंचीवर होता आणि दुर्बीण किती वेळ बाहेर होती एवढं लिहा. फोटोवर कुठलीही प्रोसेसिंग करू नका.

काही दुर्बिणींसोबत आता इंटरफेरोमीटरचा (लेझरने भिंगाची चूक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट येतो आणि त्यावर स्ट्रेल (परिपूर्ण भिंगाला १ धरून गुणवत्तेचा आकडा) ०.९ च्या वरचा आकडा असतो. रिपोर्ट मिळणं चांगलंच, पण तीन गोष्टी बघा. नंबर तुमच्या नगाचा आहे का, की ‘नमुन्याचा’. लेझर कुठला, कारण बरेच रिपोर्ट ६३२.८ नॅनोमीटरच्या लाल लेझरचे असतात आणि डोळा सगळ्यात तीक्ष्ण असतो तो हिरव्यात ५५० च्या आसपास. काचेवरची चूक तेवढीच धरली तरी हिरव्यात ०.८२ येणारा स्ट्रेल लाल लेझरखाली ०.८६ दिसतो, शिवाय लाल मध्ये छान बसलेलं भिंग निळ्यात काय करतं ते त्या कागदावर नसतंच. तिसरं म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कोमा आणि अ‍ॅस्टिग वजा करण्याची सोय असते, ते वजा केलेत का ते रिपोर्टच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, आणि वजा केले असतील तर बसवण्यातला दोष, जो आपल्याला हवाय, तोच गेला. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी चांगला सपाट आरसा, हिरवा एलईडी आणि रोंकी ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांची पट्टी) घेऊन डबल पास टेस्ट करावी, त्यात प्रकाश भिंगातून दोनदा जातो म्हणून चूक दुप्पट दिसते, रेघा सरळ आल्या तर भिंगावर विश्वास ठेवा. आणि आकाश साथ देत नसेल तर कृत्रिम तारा, ५० मायक्रॉनचं भोक आणि १०० मिमी दुर्बिणीला २० मीटर अंतर पुरतं, फक्त मधली हवा तापलेल्या जमिनीवरून येत नाही ना ते बघा.

फोटो काढणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. एफ/६ ला फोकसची जागा प्रत्येक बाजूला फक्त ४० मायक्रॉनची असते, आणि एपीएस-सी (सुमारे २३ मिमी रुंद) सेन्सर ०.२ अंश तिरका असला की कडांना तेवढंच अंतर पडतं, म्हणजे सगळी मोकळीक संपली. एकाच बाजूच्या कोपऱ्यांत तारे लांबट असतील तर तिरकेपणा, चारही कोपऱ्यांत सारखेच बिघडले असतील तर फ्लॅटनरचं (कडेपर्यंत फोकस सपाट करणाऱ्या जोडभिंगाचं) सेन्सरपासूनचं अंतर चुकलंय, बहुतेक फ्लॅटनर ५५ मिमी मागतात आणि मध्ये २ मिमीचा फिल्टर घातला की त्यात साधारण ०.७ मिमी वाढवावे लागतात. निळे तारे फुगलेले दिसले तर ते डब्लेटमध्ये बऱ्याचदा ४३५ नॅनोमीटरच्या खालच्या जांभळ्याचं असतं, ते डिझाइन आहे, तिथला प्रकाश कापणारा फिल्टर लावा, नग बदलून फरक पडणार नाही.

घेण्याआधी विक्रेत्याला मी एकच प्रश्न नीट विचारतो: हा नग पाठवण्याआधी तुमच्याकडे कोण, कशावर तपासतं? जो विक्रेता स्वतः बेंचवर लावून बघतो तो लगेच सांगतो, आणि त्याच्याकडे तीच नळी थोडी महाग मिळाली तरी मी तिथूनच घेईन, कारण एकाच कारखान्यातली नळी वेगवेगळ्या नावांनी विकली जाते आणि त्यांच्यातला खरा फरक बऱ्याचदा एवढाच असतो की मध्ये कुणीतरी ती उघडून बघितली की नाही. परत करायची मुदत किती दिवसांची ते लेखी घ्या, ढगाळ दिवस असतील तर मुदत वाढवून मागा, चांगले लोक देतात.

आणि तुमच्या नेमक्या प्रश्नाला, १०० मिमी आणि मुख्यतः डोळ्याने बघणार असाल तर एफ/७ किंवा त्याहून निवांत ईडी डब्लेट घ्या. भिंगं दोनच, बिघडायच्या जागा कमी, थंड लवकर होतो, आणि चंद्राच्या कडेला किंचित रंग दिसला तरी गुरूचे पट्टे आणि वीणा तारकासमूहातला डबल डबल तारा तो स्वच्छ दाखवतो, त्यातल्या प्रत्येक जोडीतल्या दोन ताऱ्यांमधलं अंतर २.३ सेकंदांच्या (सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास आहे आणि १०० मिमीला ते जमायलाच हवं, २०० पॉवरला चारही तारे मध्ये काळी फट ठेवून दिसले नाहीत तर स्थिर हवेच्या रात्री वरची तपासणी पहिल्यापासून करा. फोटो हाच मुख्य हेतू असेल तर ट्रिप्लेट घ्या, पण मग तपासून देणाऱ्याकडूनच, आणि आल्याबरोबर पहिल्या स्वच्छ रात्री फोकसच्या आतला आणि बाहेरचा फोटो काढून तारखेसकट ठेवून द्या. वर्षभराने दुर्बीण बिघडल्यासारखी वाटली तर त्याच ताऱ्यावर, तेवढ्याच रिंगांचा फोटो काढून शेजारी ठेवून बघता येईल.